बर्फाच्या पेटीतलं नदीचं पाणी

गावात एकाएकी लेकरं आजारी पडायला लागली, तर तुम्ही आधी काय शोधता, दवा की गुन्हेगार? खरं बोला. दवा शोधायची तर सायकल हाणावी लागते, साहेबाच्या दारात ताटकळावं लागतं. गुन्हेगार पारावर बसल्या बसल्या सापडतो. धामणखेडला तो तसाच सापडला. त्याचं नाव फकीर मोहम्मद, धंदा बर्फाच्या गोळ्याचा.

महाराष्ट्र होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. जिल्हा परिषद नवी, पंचायत समिती नवी, सरपंचाच्या खुर्चीचा रंगही ओला. नदी तेवढी जुनी होती. उन्हाळ्यात ती वाहायची थांबायची आणि गावाखाली एक डोह उरायचा. त्याच डोहात म्हशी बसायच्या, त्याच्याच काठी धुणी आपटली जायची, आणि तिथूनच घागरी भरून घरी जायच्या. गावात विहीर होती, पण तिचं पाणी मचूळ. तिच्या पाण्यात डाळसुद्धा शिजायची नाही. त्यामुळं नदी म्हणजे माय आणि मायवर कोण संशय घेणार?

पिंपळगाव राजाहून मोटारीनं फाट्यावर उतरायचं आणि पुढं पायी चालायचं, असं हे गाव. तिथं बर्फ दिसायचा तो फकीरमुळंच. त्याचा बाप खामगावच्या जिनात रुई दाबता दाबता खोकून मेला. फकीरनं ठरवलं, आपण रुईच्या धुळीत जायचं नाही, थंडीचा धंदा करायचा. खामगावहून बर्फाची लादी घ्यायची, लाकडी पेटीत भुशात आणि गोणपाटात दाबायची, मोटारीच्या टपावर चढवायची. गावात आल्यावर लादीवरचा भुसा धुवायचा, रंध्यावर बर्फ किसायचा, त्यावर लाल-पिवळं सरबत ओतायचं. कुणाला ताप चढला की घरचे त्याच्याकडं धावायचे, डोक्यावर ठेवायला तुकडा मागायचे. तापाच्या बर्फाचे पैसे त्यानं कधी घेतले नाहीत. याचा त्याला मोठा अभिमान होता, आणि तो अभिमान तो लपवायचाही नाही.

तर त्या उन्हाळ्यात लेकरांना जुलाब-वांत्या सुरू झाल्या. सरपंच उकंडरावची नातही अंथरुणाला खिळली. पारावर हिशोब झाला: लेकरंच काऊन पडली? लेकरंच गोळा खातात म्हणून. बर्फ कुठून येतो? बाहेरून. झाला निकाल.

"रिपोर्ट येईलोक तुहा गोळा बंद, फकीर," उकंडराव म्हणाला.

"कायचा रिपोर्ट, भाऊ? बर्फाचा?"

"नदीचा. म्या इन्स्पेक्टरले चिठ्ठी धाडली. नदी साफ निंघाली म्हंजे तुहा बर्फ खराब. मंग पेटी घेऊन दुसरं गाव पाह्य."

फकीर घरी आला आणि पेटी लिंबाखाली पालथी घातली. हुस्नबानो, त्याची बायको, दारात उभी होती. तिनं विचारलं, "क्या बोले जी?"

"बोले, नदी साफ निकली तो अपन मैले."

"और मैली निकली तो?"

त्यानं पेटीच्या फळ्यांवरचा भुसा झटकायला घेतला. खरी अडचण तिथंच होती. कारण त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. बर्फ चांगला असं तो चारचौघांत छातीवर हात मारून म्हणायचा. पण बर्फ करणारं पाणी कुठलं, हे त्यानं कधी कुणाला विचारलंच नव्हतं. उकंडरावच्या घरासमोरून जाताना त्याचा पाय आपोआप मंदावायचा. आत नात रडत असली तर त्याला बरं वाटायचं. रडते म्हणजे जीव आहे. आवाज नसला की तो आवाज येईपर्यंत कुडापाशी रेंगाळायचा.

मग आरोग्य खात्याचा शेषराव इन्स्पेक्टर आला. सायकलीच्या कॅरिअरला खाकी पिशवी, पिशवीत एक काचेची बाटली, तिच्या बुचावर कागद बांधलेला. माणूस तापट, ऊन खाऊन काळाठिक्कर पडलेला. तालुक्यात जिथं जुलाब तिथं तो.

"ही बाटली उकळून आणलेली आहे," तो चावडीत म्हणाला. "धुवायची नाही, आत बोट घालायचं नाही. लोक जिथून भरतात तिथून भरायची, बूच लावायचं, बर्फात ठेवायची. बर्फ नसला की वाटेत जंतू वाढतात, मग मोजायचे कुणाचे? नागपूरची प्रयोगशाळा शिळं पाणी घेत नाही."

"बर्फ कोठचा आनाचा, साहेब?" उकंडरावनं विचारलं.

सगळ्यांच्या माना फकीरकडं वळल्या. कोणीतरी मागून म्हणालं, "घ्या, ज्याच्यावर आळ त्याच्याच पेटीत पुरावा." हशा पिकला. फकीरही हसला.

नियमानं बाटली इन्स्पेक्टरनं स्वतः भरायची असते. पण शेजारच्या गावात एक म्हातारा वांत्यांनी गेला होता आणि शेषरावला तिकडं पोचायचं होतं. म्हणून त्यानं बाटली सरपंचाच्या हवाली केली: पहाटे भरा, पहिल्या मोटारीनं फकीरच्या पेटीतून खामगाव स्टेशनला पाठवा, मी तिथं असतो. फकीरनं मात्र भरायची नाही, त्याचा यात स्वार्थ आहे. फकीरला हे झोंबलं, पण पटलंही. त्या दिवशी तो खामगावला जाऊन लादी घेऊन आला.

पहाटे उकंडरावची बायको रुखमाबाई बाटली घेऊन आली. ओल्या फडक्यात गुंडाळलेली, दोन्ही हातांत धरलेली, जसा देव्हाऱ्यातला गडवा आणावा तशी.

"सांभाळून ने, फकीरभाऊ. गावचं पानी हाय."

त्यानं फडक्यासकट बाटली बर्फात रोवली, वर भुसा दाबला, आणि पेटी मांडीवर घेऊन मोटारीत बसला. टपावर ठेवायची त्याची हिंमत झाली नाही. मांडी गारठून बधिर झाली.

"काय बे फकीर," शेजारचा एक ओळखीचा म्हणाला, "आज पेटी मांडीवर? नवरी घेऊन राह्यला का?"

"नदी घेऊन राह्यलो."

"मंग जपून, सांडली तं आमी वाहून जाऊ."

मोटार हसली. फकीर पेटीच्या फटीत बोट घालून बर्फ चाचपत राहिला. वितळला तर? झटक्यानं बाटली फुटली तर? पिंपळगाव राजाला मोटार थांबली तेव्हा त्याला राहवलं नाही. त्यानं झाकण उघडलं, फडकं बाजूला केलं, बाटली उजेडात धरली.

पाणी आरपार दिसत होतं. पलीकडचा पानठेला, ठेल्यावरचा माणूस, सगळं स्वच्छ. वैशाखातल्या डोहाचं पाणी हिरवट असतं, ते त्याला झोपेतही ओळखू आलं असतं. बुचाजवळ नाक नेलं तर वाळ्याचा वास. आणि बुचावरच्या कागदाखाली राखेचे कण होते, म्हणजे बाटली घासलेली होती.

हे डोहाचं पाणी नव्हतं. हे झिऱ्याचं.

झिरा म्हणजे नदीच्या वाळूत हातानं उकरलेला खड्डा. वाळूतून पाझरून त्यात हळूहळू पाणी जमतं, वाटीनं भरून घ्यावं लागतं. अख्ख्या सकाळी त्यातून घागर-दीड घागर निघायची. गावात ते पाणी सगळ्यांना कसं पुरणार? ते असायचं पाहुण्यांसाठी आणि देवासाठी. घरच्यांना डोह.

आता नागपूर काय सांगणार? धामणखेडचं पाणी उत्तम. मग लेकरं कशानं पडली? बर्फानं. पेटी घेऊन दुसरं गाव पाह्य.

खामगाव येईपर्यंत त्यानं वाटेतलं फार काही बघितलं नाही. स्टेशनच्या भिंतीला लागून एक गटार वाहत होतं. तो तिथं थांबला. पेटी खाली ठेवली. चूळभर पाणी, बस. बूच काढायचं, चूळभर घालायचं, बूच लावायचं. कोण पाहणार होतं? नदी मैलीच आहे, हे त्याला आता मनातून पटलं होतं. मग कागदावर ती मैली आली तर त्यात खोटं काय? आपणही अशीच वकिली करतो, कबूल करा. खरं ठाऊक असलं की पुरावा बनवायला हात शिवशिवतात. फकीर गटाराच्या काठी उकिडवा बसला, बुचाला हात लावला. मग त्याच्या मनात आलं, नागपूरचा डॉक्टर यातले जंतू मोजेल आणि त्यावर दवा सांगेल. ती दवा उकंडरावच्या नातीच्या पोटात जाईल. जंतू खामगावच्या गटारातले आणि दवा धामणखेडच्या पोरीला.

तो उठला आणि पेटी घेऊन शेषरावसमोर उभा राहिला.

"साहेब, हे पानी नदीचं नाई."

शेषरावनं बाटली बघितली, हुंगली, आणि भडकला. "तू बदललंस?"

"म्या बदललं असतं तं साफ कायले करू? मैलं नसतं केलं?"

इन्स्पेक्टरनं बाटली पुन्हा एकदा उजेडात धरली. मग त्यानं बूच उपटून सगळं पाणी रुळाच्या खडीवर ओतलं. "बाद. धुतलेली बाटली काही कामाची नाही. उद्या मी स्वतः येतो, दोन बाटल्या आणतो. एक डोहाची, एक झिऱ्याची. झिराही बघू." मग पेटीकडं बोट करून सहज विचारलं, "या लादीवरचा भुसा कशानं धुतोस रे तू?"

"पान्यानं."

"कुठल्या?"

मोटारीतून उतरल्यावर गावाची वाट नदीतूनच जायची. तिथंच तो पेटी उतरवायचा. तिथंच लादी धुवायचा. इतकी वर्षं.

शेषरावनं रिकामी बाटली पिशवीत टाकली आणि सायकल काढली. त्यानं चार शब्द सुनावले असते तर फकीरला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी तो नवी लादी घेऊन परतला आणि तडक उकंडरावच्या अंगणात गेला. सरपंच बाजेवर बसला होता. बाटली बाद झाली म्हटल्यावर तो उखडला.

"माह्या बायकोनं भरलेलं पानी बाद? तू चुगली केली न बे?"

"चुगली नाई, भाऊ. ते पानी झिऱ्याचं होतं."

रुखमाबाई आतून आली. तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, राग होता. "मंग कोठचं देऊ? गावचं पानी नागपूरले चाललं. मोठे मोठे डाक्टर पाह्यतीन. त्याइले डोहाचं गढूळ धाडू? म्या बाटली राखेनं घासली, धुतल्या लुगड्याच्या तीन पदरांतून पानी गाळलं, वाळ्याची काडी फिरवली. माह्या हातून आजलोक कोनाले गढूळ पानी गेलं नाई, फकीरभाऊ. तुले तरी कधी गेलं का?"

"नाई, वहिनी." हे खरं होतं. लादी आणून दमलेल्या फकीरला या अंगणात नेहमी झिऱ्याचंच पाणी मिळालं होतं, वेगळ्या पेल्यात का होईना.

"मंग?"

फकीरनं आतल्या अंधाराकडं बघितलं. तिथं गोधडीवर नात पडली होती, डोळे खोल गेलेले.

"वहिनी, पोरगी कोठचं पानी पेते?"

"डोहाचं. घरच्याइले झिरा कसा पुरन?"

"डाक्टरले पाहुन्याचं पानी धाडलं तं तो पाहुन्याची दवा करन. आजारी तं घरची हाय."

रुखमाबाई उभीच राहिली. उकंडराव काहीतरी म्हणणार होता, तिनं हातानंच त्याला थांबवलं. मग खाली बसली, नातीच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, "मी येतो सकाळी. पन चारचौघींसमोर डोहाची बाटली धराले लाज वाटते मले."

दुसऱ्या दिवशी शेषराव पहाटेच आला. रुखमाबाई आली ती डोक्यावरून पदर ओढून. इन्स्पेक्टरनं बाटली तिच्याच हातात दिली, बूच कसं धरायचं ते दाखवलं. बायका जिथं घागर बुडवतात त्या दगडापाशी ती गुडघाभर पाण्यात उतरली. पलीकडं एक म्हैस निवांत बसली होती. बाटली बुडबुडली. पाण्यावरचं एक वाळलेलं पान आत जाऊ लागलं, तसं तिनं बोट पुढं केलं.

"राहू द्या," शेषराव म्हणाला.

"कचरा हाय, साहेब."

"घागरीत जातो ना? मग बाटलीतही जाऊ द्या."

बूच बसल्यावर तिनं बाटली पदराखाली झाकली आणि काठापर्यंत तशीच आणली. वाटेवरच्या कुणी बघू नये म्हणून. झिऱ्याची दुसरी बाटली मात्र तिनं उघडी धरली. दोन्ही बाटल्या पेटीत गेल्या, पेटी फकीरच्या मांडीवर गेली, आणि खामगावहून जलंबला गाडी बदलून शेषरावचा माणूस त्या नागपूरला घेऊन गेला.

मग वाट बघणं. हे काम कुणाला जमत नाही, फकीरला तर मुळीच जमलं नाही. शेषराव सांगून गेला होता की पाणी उकळून प्या. काहींनी उकळलं, काही म्हणाले सरपण तुह्या घरून आणू का. उकंडरावच्या घरी चूल दिवसभर पेटलेली असायची. फकीर रोज त्या घरासमोरून जायचा. आधी त्याला वाटायचं, नदी मैली निघाली की आपण सुटलो. आता ते वाटणंही गेलं होतं. नदी साफ निघाली तर बर्फ खराब. नदी मैली निघाली तर बर्फ मैल्या पाण्यात धुतलेला. हुस्नबानोला त्यानं हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "लादी धोने की बात किसी को मालूम नहीं. चुप बैठो."

"इन्स्पेक्टर को मालूम है."

"वो बोला क्या?"

"नहीं."

"तो तुम काहे को बोलते?"

फकीर उठून रंधा पुसायला लागला.

रिपोर्ट आला तो शेषरावच्या खिशात. चावडीत गाव जमलं. इन्स्पेक्टरनं कागद उघडला, पण वाचून दाखवला नाही. आकडे कुणाला कळणार होते. सरळ बोलीत सांगितलं. डोहाच्या पाण्यात माणसाच्या आणि ढोरांच्या मैल्यातले जंतू आहेत, इतके की नागपूरवाल्यांनी मोजणं सोडून दिलं. झिऱ्यात कमी आहेत. पण आहेत. पिण्याजोगं दोन्ही नाही.

कोपऱ्यात बायका बसल्या होत्या. रुखमाबाई हळूच म्हणाली, "झिऱ्यातबी?" मग स्वतःशीच, "मंग म्या आजलोक आल्या-गेल्याले काय पाजलं?" तिच्याकडं कुणी बघितलं नाही. प्रत्येकीला आपापले पाहुणे आठवत होते.

उकंडराव उठला. माणूस अहंकारी होता, पण नात आता उठून बसायला लागली होती, त्यामुळं त्याचा आवाज मऊ होता. "फकीर, तुहा बर्फ सुटला. उद्यापासून लाव पेटी."

लोक फकीरकडं बघायला लागले. कुणी पाठीवर थाप मारली. हेच ऐकायला त्यानं इतके दिवस काढले होते. शेषराव कागदाची घडी घालत होता, वर बघत नव्हता. फकीरला घरी जाता आलं असतं. दुसऱ्या दिवशी रंधा चालला असता.

"नाई सुटला," तो म्हणाला. "मी लादी नदीतच धुतो."

चावडीत एकदम कलकलाट झाला. कुणी म्हणालं, पाहा, मी म्हणलोच होतो. कुणी म्हणालं, अरे पण नदीचं पाणी तर आपण सगळेच पितो, त्याच्या एकट्याचं काय. कुणी आईवरून शिवी हासडली. फकीर उभा राहून सगळं ऐकत होता.

"बर्फ कसा हाय ते मले अजूनबी मालूम नाई," तो म्हणाला. "साहेब, एक बाटली त्याचीबी धाडा. येईलोक पेटी बंद."

शेषरावनं मान हलवली आणि पिशवीतून रिकामी बाटली काढली.

त्या उन्हाळ्यात धामणखेडला गोळा मिळाला नाही. बर्फाचा निकाल लवकर आला, चांगला आला, पण आया अजून बिचकत होत्या आणि फकीरही बिचकत होता. पुढच्या वर्षी त्यानं पेटी लावली तेव्हा लादी धुणं बंद केलं होतं. वरचा बोटभर थर तो कोयत्यानं तासून टाकायचा. म्हशींना डोहाखालच्या अंगाला हाकललं गेलं, सहज नाही, दोन भांडणं आणि एक डोकं फुटल्यावर. रुखमाबाईच्या चुलीवर पाहुण्यांचं आणि घरच्यांचं पाणी एकाच भांड्यात उकळू लागलं. आणि फकीरचा पेला वेगळा राहिला का? राहिला. ते जंतू नागपूरला मोजत नाहीत.

पण तालुक्यात आणि आसपास जिथं जुलाब सुरू व्हायचे तिथं शेषराव आता फकीरला निरोप धाडायचा. बर्फाची पेटी घेऊन फकीर वडनेर भोलजीच्या अंगाला गेला, अमडापूरपल्याडच्या खेड्यांत गेला. जाईल तिथं त्याला तेच दिसलं. गाव बाटली घासून ठेवायचं. कुणी पाटलाच्या विहिरीचं पाणी भरून द्यायचं, कुणी गुलाबपाणी शिंपडायचं, एकानं तर बाटलीला हळद-कुंकू लावून ठेवलं होतं. तो त्यांच्यावर रागवायचा नाही. मी असतो तर रागावलो असतो. तो फक्त विचारायचा, घरात आजारी कोण आहे, आणि तो कोठचं पाणी पितो, आणि मग तिकडं चालायला लागायचा.

आज ना उद्या तुमच्याही गावात कोणी बाटली घेऊन येईल. तेव्हा तिला नदीच्या वरच्या अंगाला नेऊ नका, गाळू नका, तुमची इज्जत तिच्यात भरू नका. तुमचं लेकरू ज्या दगडावर ओणवं होऊन पितं, तिथं स्वतः उतरा आणि ती भरा. पान आत जात असेल तर जाऊ द्या.